दातबाईंची हजेरी

आमच्या वर्गात हजेरीला कुणी ‘हजर’ म्हणत नसे. नाव पुकारलं की उभं राहायचं, मान मागं टाकायची आणि ‘आ’ करायचा. नुसता आवाज काढून भागत नसे, जबडा दुखेपर्यंत तोंड उघडावं लागे. मग बाई तरटांच्या पट्ट्यांमधून चालत यायच्या. डाव्या हातानं पदर तोंडावर धरलेला, उजवा हात पुढं. जिची तिनं आपली कडुलिंबाची काडी त्यांच्या हातात द्यायची. त्या काडीनं बाई जीभ बाजूला सारायच्या, हनुवटी उजेडाकडं वळवायच्या आणि आत बघत राहायच्या. सगळं ठीक असलं तर ‘मीट’ म्हणायच्या. ठीक नसलं तर खाली वाकून, कानाशी, अगदी हळू आवाजात एवढंच म्हणायच्या, ‘‘बसलाय.’’

त्या एका शब्दाला मी जेवढी भ्याले तेवढी पुढं आयुष्यात कशालाही भ्याले नाही. नवऱ्याला नाही, सासूला तर नाहीच.

मी तेव्हा निपाणीच्या मुलींच्या शाळेत पहिलीत होते. राज्य इंग्रजांचं होतं, पण निपाणीत चालायचं तंबाखूचं. वखारीच वखारी, आणि हवेत सदा तंबाखूचा खकाणा. गावात पाहुणा आला की तो आधी शिंकायचा आणि मग रामराम करायचा. आमच्या बाईंचं सरकारी कागदावरचं नाव कृष्णाबाई. पण ते नाव फक्त हेडमास्तरांना ठाऊक असावं. गावाच्या लेखी त्या दातबाई होत्या. पोरगं रडायचं थांबेना तर आया ‘बागुलबुवा येईल’ म्हणायच्या नाहीत, ‘दातबाईला हाक मारू काय?’ म्हणायच्या, आणि पोरगं तोंड घट्ट मिटून गप्प व्हायचं.

कोण बसलाय, हे बाईंना दर वेळी सांगावं लागत नसे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आमची त्याच्याशी ओळख करून दिली होती. काळा, बारीक, डोळे नसलेला किडा. त्याच्याजवळ कुदळ असते. पोर गूळ खाऊन चूळ न भरता झोपलं की तो दाढेत शिरतो, बरासा कोपरा धरतो आणि खणायला लागतो. आधी ओसरी काढतो, मग माजघर, मग मागं विहीर. विहिरीला पाणी लागलं की दाढ ठणकायला लागते.

‘‘मग काय करायचं, बाई?’’ कलावतीनं विचारलं. कलावती आमच्यात धीट.

‘‘मग काय? मग उपटायची,’’ बाई म्हणाल्या आणि फळ्याकडं वळून बाराखडी लिहू लागल्या.

बाईंचं शिकवणं हे असं होतं. समजावून सांगण्यात त्यांनी वेळ घालवला नाही. भीती घातली आणि काडी हातात दिली. शाळा भरायच्या आधी आम्ही सगळ्या मोरीच्या कडेला ओळीनं उकिडव्या बसायचो. काडीचं टोक चावून चावून मऊ करायचं, मिठात आणि राखुंडीत बुडवायचं आणि घासायचं. बाई मागून फिरत असायच्या. ‘‘वरचे वरून खाली, खालचे खालून वर. आडवं घासू नकोस गं, त्याला रस्ता करून देतीस काय?’’ आम्ही काळ्या चुळा टाकत घासत राहायचो, आणि मोरीतून वाहणाऱ्या पाण्यात तो कुठं पोहत चाललाय का, हे डोळे फाडून बघायचो.

उसाच्या हंगामात तर त्यांना चैन पडत नसे. एकदा कुणा मुलीच्या वडिलांनी सगळ्या वर्गाला गुऱ्हाळावर बोलावलं. काहिलीतला ऊन ऊन गूळ उसाच्या पानावर घेऊन आम्ही बोटं चाटत होतो, तोवर बाई पाण्याची घागर आणि तांब्या घेऊन समोर उभ्या. एक घास की एक चूळ. गुऱ्हाळवाले बराच वेळ हे बघत होते. शेवटी त्यांना राहवेना. ‘‘बाई, माझ्या गुळाला काय इख लागलंय व्हय?’’

‘‘गूळ चांगलाच हाय की,’’ बाई पदराआडून म्हणाल्या. ‘‘तो आत ऱ्हायला न्हाय पायजे.’’

आणि शाळा तपासायला दिपोटी साहेब आले तेव्हाची गंमत अजून निपाणीत सांगतात. हेडमास्तरांनी आदल्या दिवशी बाईंना बजावलं होतं की उद्या तरी सरळ ‘हजर’ म्हणवून घ्या. बाईंनी आम्हाला तसं घोकवलंही. पण साहेबाचा कोट, पगडी आणि छडी बघून आमची वाचा बसली. पहिलं नाव पुकारलं, पहिली मुलगी उभी राहिली आणि तिनं सवयीनं साहेबासमोर ‘आ’ वासला. दुसरीनं तेच, तिसरीनं तेच. साहेबाला वाटलं, पोरी वेडावतात. बाईंनी खाली मान घालून खुलासा केला. साहेब पान-तंबाखूवाले. त्यांनी खिशातला रुमाल काढून हळूच ओठांवर धरला तो शाळेतून जाईपर्यंत काढला नाही. पदराआडून बाई आणि रुमालाआडून साहेब, असं ते दोघं पाढ्यांविषयी बोलत राहिले. शेरा मात्र चांगला मिळाला म्हणतात.

तर तो पदर. डोक्यावरचा पदर सगळ्याच बाया घेत, पण तोंडावर असा अष्टौप्रहर कोण धरतं? आम्ही कुणीच बाईंचं नाकाखालचं तोंड पाहिलं नव्हतं. त्या एका हातानं लिहायच्या, एका हातानं फळा पुसायच्या, एका हातानं घंटा वाजवायच्या. डावा हात सदा तोंडाशी. मधल्या सुट्टीत सामानाच्या खोलीत जाऊन दार लावून भाकरी खायच्या. आत काय आहे याबद्दल वर्गात फार खल व्हायचा. कुणी म्हणे मिशा आहेत. कुणी म्हणे सुळे आहेत, बाहेर आलेले. कलावतीचं म्हणणं सगळ्यांत वाईट होतं. ती म्हणायची, ज्या मुलींच्या दाढांतून किडे काढतात ते बाई तोंडात ठेवून घेतात, म्हणून तर त्यांना कुणाच्या दाढेत कोण बसलंय ते बरोबर कळतं. आम्हाला ते पटलं. त्या वयात जे ऐकून अंगावर काटा येतो ते खरंच वाटतं.

आणि मग माझी दाढ दुखायला लागली.

खालची, डावीकडची, मागची. आधी गोड लागलं की कळ यायची, मग थंड पाणी लागलं की. एके रात्री उशीवर डोकं टेकलं आणि मला कुदळ ऐकू आली. ठक, ठक, ठक. मी श्वास धरला तरी ठक, ठक. विहिरीचं काम चालू होतं. शेजारी आई झोपली होती, पण तिला उठवलं असतं तर तिनं आप्पांना, माझ्या वडिलांना, सांगितलं असतं, आणि आप्पांनी दाढ उपटायला नेलं असतं. मी पांघरूण तोंडात कोंबून पडून राहिले.

हजेरीला मी युक्ती काढली. ‘आ’ करताना जीभ डावीकडं ताणून त्या दाढेवर पसरून ठेवायची. बाई काडीनं जीभ सारायच्या, मी ती पुन्हा तिथंच आणायची. बाई माझ्याकडं बराच वेळ बघायच्या आणि नाइलाजानं ‘मीट’ म्हणायच्या.

सुटका होईल असं वाटलं ते बाजाराच्या दिवशी. चिंचेखाली एक परगावची बाई बसायची आणि ओरडायची, ‘‘दाताचा किडा काढते, कानाचा मळ काढतेऽ.’’ आईच्या मिसरीच्या डब्यातून ओंजळभर तंबाखू मी ओच्यात बांधून नेला, आणि पैशांऐवजी तोच तिला दिला. तिनं निखाऱ्यावर रिंगणीचं बी टाकलं, त्यावर नरसाळं धरलं, माझ्या डोक्यावर चादर टाकली आणि धूर तोंडात घ्यायला सांगितलं. मी ठसकले, डोळ्यांतून पाणी आलं, लाळ खालच्या वाडग्यातल्या पाण्यात गळली. चादर काढली तेव्हा पाण्यात बारीक बारीक पांढरं काहीतरी तरंगत होतं.

‘‘बघ पोरी, किती हुते,’’ ती म्हणाली.

बाईंनी काळा सांगितला होता, हे पांढरे कसे, असा प्रश्न मला पडला नाही. आत अंधारात राहून फिके पडले असतील. मी घरी अक्षरशः उड्या मारत गेले. धुरानं ठणकाही दबला होता. किडा गेला म्हटल्यावर काडी कशाला आणि चूळ कशाला? पुढचे काही दिवस मी गुळाचे खडेच्या खडे गालात धरून झोपले. खायलाच कुणी उरलं नव्हतं तर भ्यायचं कुणाला?

मग गाल सुजला. एका दिवसात सुजला आणि दुसऱ्या दिवशी डोळा झाकायला लागला. अंगात ताप भरला. आईनं तिला ठाऊक होतं ते केलं. तव्यावर तंबाखू भाजला, कुटला आणि ती मिसरी माझ्या दाढेत दाबली. मला भोवळ आली, सगळं ओकून पडलं. आप्पा वखारीतून लवकर घरी आले. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की अशी सूज गळ्यात उतरली तर पोर हाती लागत नाही. ते आईला हळू आवाजात हे सांगत होते आणि मी डोळे मिटून सगळं ऐकत होते. तेव्हाची भीती वेगळी होती. ती किड्याची नव्हती.

संध्याकाळी बाई आल्या. हजेरीला मी नव्हते, त्यांनी मुलींना विचारलं असणार. दारात चप्पल काढून त्या सरळ माझ्या अंथरुणाशी आल्या आणि म्हणाल्या, ‘‘इंदू, आ कर.’’

मी दात आवळले आणि मान हलवली.

‘‘बाई, तुम्हीच सांगा हिला,’’ आई रडकुंडीला आली होती. ‘‘सकाळधरनं तोंड उघडंना झालीया. वैद्य येऊन गेले, त्यांच्या हाताला चावली.’’

‘‘बेळगावला कॅम्पात दाताचा डाक्टर हाय. सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं मी नेते,’’ बाई म्हणाल्या. ‘‘पर ही अशी तोंड मिटून बसली तर तो तरी काय करंल?’’ मग माझ्याकडं वळून, ‘‘कशाला भ्यालीस गं? आत काय हाय ते बघू दे की.’’

‘‘आत कोण न्हाय,’’ मी दातांतूनच बोलले. ‘‘किडा काढून आणलाय मी. बाजारातनं. मी बघितले. पांढरे हुते.’’

बाई थबकल्या. ‘‘किडा असतो म्हणून तुला कुणी सांगितलं?’’

‘‘तुम्हीच की.’’

बाई खाली बसल्या. उभ्या होत्या तिथंच, जमिनीवर. मग आई-आप्पांना म्हणाल्या, ‘‘तुम्ही जरा भाईर थांबा.’’ त्यांनी दार लोटून घेतलं, कोनाड्यातला कंदील उचलून माझ्याजवळ आणला आणि माझ्यासमोर मांडी घातली.

मग त्यांनी डावा हात खाली घेतला.

मी भिंतीकडं सरकले. सुळे, मिशा, किडे, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. बाईंनी मान मागं टाकली, कंदील तोंडाशी धरला आणि ‘आ’ केला. आम्ही हजेरीला करायचो तसाच, जबडा दुखेपर्यंत.

आत काही नव्हतं. गुलाबी हिरड्या होत्या, म्हाताऱ्या माणसाला असतात तशा, आणि मागं एका बाजूला एक काळा खुंट. एवढंच. बाईंच्या केसांत एक पांढरा केस नव्हता.

‘‘कोण बसलंय काय?’’ त्यांनी विचारलं.

‘‘न्हाय, बाई.’’

‘‘किडा नसतो गं पोरी. कुदळ बी नसती. खाल्लेलं दातात अडकतं, कुजतं आणि दात पोखरतं. तेवढंच. साधं सांगितलं तर पोरी घासत न्हाईत, म्हणून मी त्याला कुदळ दिली.’’ हातानं झाकल्याशिवाय बोलताना त्यांचे शब्द फसकत होते, हवा निघून जात होती. ‘‘तुझ्याएवढी हुते तवा माझी बी हीच दाढ दुखली. मी बी भ्याले. कुणाला बोलले न्हाय. आईनं मिसरी दाबली, तेवढ्यापुरतं राहिलं. मग दुसरी दुखली, तिच्यात बी दाबली. अशी एकेक करत गेली बघ. लग्नात पुढचे दोन काळे हुते. मालकांकडं बघून मी एकदा हसले, तर ते म्हणाले, तोंड झाक. तवापास्नं झाकलंय.’’

‘‘मालक कुठं हाईत?’’

‘‘ते गेले की कधीच. पर हात खाली येईना झालाय.’’

मी सहा-सात वर्षांची पोर, आणि शाळेत जिच्या सावलीला आम्ही भ्यायचो ती बाई माझ्यासमोर उघड्या तोंडानं बसली होती आणि तिलाच भीती वाटत होती. मी आता हसेन की ओरडेन, हे ती बघत होती. ते मला कळलं. कसं कळलं ते सांगता यायचं नाही, पण कळलं.

मी मान मागं टाकली आणि ‘आ’ केला.

दुसऱ्या दिवशी आई, बाई आणि मी मोटारीनं बेळगावला गेलो. डॉक्टरांनी गालातला पू काढला आणि दाढही काढली. फार दुखलं, ते दुखलं नाही असं मी आता कशाला म्हणू? पण आईनं डोळे झाकून घेतले होते, आणि माझं डोकं बाईंनी दोन्ही हातांनी धरलं होतं. दोन्ही हातांनी. पदर खांद्यावर पडला होता, डॉक्टर समोर होते, कंपाउंडर होता, दारात रांगेतली माणसं होती. बाईंनी हात सोडले नाहीत.

ताप उतरला, सूज ओसरू लागली, आणि एका संध्याकाळी आई मला बाईंच्या घरी घेऊन गेली. घर कसलं, भाड्याची एक खोली आणि पुढं अंगण. एक पाट, एक चूल आणि ओळीनं वाळत घातलेल्या कडुलिंबाच्या काड्या. दाढ मी कागदात बांधून जपून ठेवली होती. दुधाचा दात शेणाच्या गोळीत घालून कौलावर टाकला की नवा येतो, अशी आमच्याकडं रीत. ती आपल्या कौलावर टाकायची नाही, बाईंच्याच कौलावर टाकायची, असा हट्ट मी धरला होता. बाईंनी शेण आणलं, दोन्ही हातांनी गोळी वळली, मी तिच्यात दाढ खुपसली आणि फेकली. ती निम्म्यातूनच परत आली. मग बाईंनी लुगडं सावरून अशी भिरकावली की थेट पाख्याच्या वर जाऊन बसली.

‘‘आता नवा येईल बघ,’’ बाई म्हणाल्या.

‘‘बाई, तुमचे टाकलेवते काय कौलावर?’’ मी विचारलं. आईनं मागून मला चिमटा काढला.

‘‘टाकले की. सगळे टाकले. कौलं भरली, पर एक परत आला न्हाय.’’ आणि बाई हसल्या. मोठ्यानं, खळखळून हसल्या. हाताला शेण होतं म्हणून पदर धरता आला नाही, की धरायचाच नव्हता, हे मला आजही ठाऊक नाही. पण त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मी हसायला लागले, मग आईही हसायला लागली, आणि तिच्या मिसरीनं काळे झालेले दात मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसले. घरी आल्यावर मी तिला चूळ भरायला लावली. मिसरी काही तिनं सोडली नाही, पण चूळ भरू लागली.

मी शाळेत परत गेले त्या दिवशी बाईंनी वर्गाला सांगितलं की किडा नसतो. वर्ग नाराज झाला. कलावती तर म्हणाली, बाई खोटं बोलतात, मी स्वतः बघितलाय. निम्म्या मुलींनी त्या आठवड्यात काड्या टाकल्या, आणि बाईंना प्रत्येकीला हाताला धरून, आरसा दाखवून, पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगत बसावं लागलं. पदर मात्र पुन्हा तोंडावर आला होता.

मग हजेरी झाली. माझं नाव आलं. मी उभी राहिले, मान मागं टाकली, जीभ आपणहून उजवीकडं घेतली. बाई आल्या. त्या रिकाम्या जागेकडं त्यांनी पुष्कळ वेळ पाहिलं. मग खाली वाकून, कानाशी, सगळ्या वर्गाला ऐकू जाणार नाही एवढ्या हळू आवाजात म्हणाल्या, ‘‘कोण न्हाय.’’